खिशातले हात

मी माझ्या मुलीचे हात बांधले होते. दोरीनं नाही आणि रागाच्या भरातही नाही. चांगलं कापड आणून, अस्तर लावून, टेलरकडून एक बिनबाह्यांची कोटी शिवून घेतली आणि त्या कोटीच्या खिशात ते अडकवून ठेवले. त्यामुळं मुलगी तोंडावर पडली. पडल्यावर मी आधी दोष तिच्या आईला दिला, मग तिच्या ऑटिझमला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं गप्प राहिलो. आता सांगतो आहे ते जसं घडलं तसं सांगतो. त्यातला बराचसा भाग माझ्याशिवाय कोणी पाहिलेलाच नव्हता.

आम्ही शिरूरला राहतो. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी ती विकून शेती धरली आणि मी आयटीआय करून रांजणगावच्या एका कंपनीत लागलो. आता तिथं क्वालिटीला आहे. घरात पहिला कंपनीवाला मीच, त्यामुळं कंपनीत जे शिकलो ते सगळं खरंच असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मुलगी आमची एकुलती एक. दोन-अडीच वर्षांची झाली तरी हाक मारली की वळायची नाही. चवड्यांवर चालायची. स्टीलच्या डब्याची झाकणं फरशीवर भिंगरीसारखी फिरवायची आणि फिरणं थांबेपर्यंत कान जमिनीला लावून बसायची. झाकण थांबलं की पुन्हा फिरवायचं. दुधाला जाताना एकाच रस्त्यानं जायचं, रस्ता बदलला की तिथंच बसकण मारून रडायची. आणि हात. हात मनगटापासून हलवायची, ओले हात आपण झटकतो तसे, पण वेगानं आणि डोळ्यांसमोर धरून. कुकरची शिट्टी झाली की हात. पंखा लावला की हात. मी कंपनीतून आलो आणि दाराची कडी वाजली की हात.

पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हा माझी बायको रडली आणि मी फाईल घेऊन पैसे भरायच्या खिडकीकडे गेलो. पुढं थेरपी सुरू झाली. थेरपीच्या मॅडमनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "हातांचं मनावर घेऊ नका. तिला त्यानं बरं वाटतं. इजा होत नाही तोवर राहू द्या." बाकी त्यांनी सांगितलेलं सगळं मी केलं. चित्रांची कार्डं बनवली, टीव्ही बंद केला, जमिनीवर बसून तिच्याशी खेळलो. हे एवढं मात्र मी ऐकलं नाही. कारण ती बोलत नाही हे लांबून दिसत नव्हतं. हात लांबून दिसायचे.

कंपनीत आमचा फॅमिली डे असतो. घरच्यांना प्लँट दाखवतात, जेवण असतं. मुलगी चार वर्षांची असताना मी दोघींना घेऊन गेलो. कन्व्हेयरवरून एकसारखे पार्ट येत होते आणि पिवळ्या रेघेच्या अलीकडं उभी राहून ती चवड्यांवर उंच होऊन दोन्ही हात असे हलवत होती की तिचे केससुद्धा उडत होते. मी तिला एवढी खूश क्वचितच पाहिली असेल. माझ्या लाईनवरचा एक बिहारी हेल्पर हसून म्हणाला, "बिटिया तो उड़ रही है, साहब." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला तो टोमणा वाटला. त्याच वेळी आमच्या मॅनेजरच्या बायकोनं आपल्या मुलाचा दंड धरून त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. मी मुलीचे हात खाली दाबले. तिनं ते पुन्हा वर काढले. मी पुन्हा दाबले. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना." मी म्हणालो, "लोक बघतायत."

त्या लाईनवर मी दिवसभर माणसांकडून एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून घेतो. उचला, बसवा, दाबा, सोडा. त्यात जो चुकत नाही त्याचं कौतुक करतो. घरी येऊन मात्र मला चार वर्षांच्या पोरीची एक हालचाल सहन होत नव्हती. हा विचार मला तेव्हा शिवलासुद्धा नाही.

मला सुचलं ते वेगळंच. आमच्याकडं एक पद्धत शिकवतात, तिला पोका-योके म्हणतात. माणसाला चुकू नको म्हणून सांगत बसायचं नाही. वस्तूच अशी बनवायची की चूक करता येणारच नाही. पार्ट उलटा बसतोय का, मग त्याला अशी खाच द्या की तो उलटा बसणारच नाही. याच पद्धतीबद्दल मला कंपनीत एकदा बक्षीसही मिळालं होतं. फॅमिली डेनंतर आठवडाभर माझ्या डोक्यात हेच होतं. पोरीला सांगून उपयोग नाही, तर मग व्यवस्था करावी.

त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मेहुण्याचं लग्न होतं. बायकोचं माहेर दौंड तालुक्यात, वरवंडला. सगळं गणगोत येणार. मी टेलरकडं गेलो आणि कागदावर काढून दाखवलं. लहान मुलीची कोटी, पुढं पोटावर एकच मोठा खिसा, दोन्ही बाजूंनी हात आत जातील असा. खिशाच्या आत दोन पट्ट्या, मनगटाभोवती येणाऱ्या, आणि त्यांना टिचबटणं.

टेलरनं विचारलं, "आतली टिचबटणं कशाला, सर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टर म्हटल्यावर त्यानं कागद वहीत ठेवला. कोटी सुंदर झाली. मोरपंखी रंगाची, कडेला बारीक सोनेरी पट्टी. बायकोनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाली, "खिसा छान केलाय. थंडीत हात गरम राहतील." मी म्हणालो, "म्हणूनच." आतल्या पट्ट्या अस्तराच्या रंगाच्या होत्या. तिला दिसल्या नाहीत आणि मी दाखवल्या नाहीत.

बायको बाजारात गेली असताना मी कोटी घालून पाहिली. खिशात तिच्या आवडीचं एक झाकण टाकलं, ती आपण होऊन हात आत घालेल म्हणून. घातले. मी बटणं लावली. थोडा वेळ कोटीचा पुढचा भाग हलत राहिला, आत एखादं मांजराचं पिल्लू असावं तसा. मग हलायचा थांबला. ती भिंतीला टेकून बसली आणि समोर बघत राहिली. कुकरची शिट्टी झाली तरी बघत राहिली. मी मनात म्हणालो, जमलं. बायको आल्यावर म्हणाली, "आज एवढी गप्प का?" मी म्हणालो, "झोप आली असेल."

हळदीच्या दिवशी आम्ही न्हावऱ्यावरून निघालो. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो. चौफुल्याला चहा घेतला आणि दुपारी वरवंडला पोचलो. मुलगी गाडीत विजेचे खांब बघत हात हलवत होती, तेव्हा मी काही बोललो नाही. माझ्याजवळ उपाय होता. उन्हं कलल्यावर बायको साडी बदलायला आत गेली, तेव्हा मी पोरीला घराच्या मागं नेलं, कोटी चढवली आणि बटणं लावली.

अंगणात मांडव होता. ढोल यायचे होते. मी पोरीला पुढ्यात घेऊन पडवीत बसलो. बायकोची आत्या आली. या आत्या म्हणजे त्या घरातलं मोठं माणूस, त्यांच्या बोलण्याला सासूबाईसुद्धा दबून असायच्या. त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"बया, केवढी शांत झाली गं ही! मागल्या टायमाला नुसती भिंगरी व्हती."

बायकोचा चुलतभाऊ म्हणाला, "दाजी, कंपनीत ट्रेनिंग दिलं का काय हिला?"

मी हसलो आणि म्हणालो, "मग! आपलं कामच ते हाय." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. एवढं कौतुक मला पोरीवरून कधीच मिळालं नव्हतं.

ढोल आले. भंडारा उधळायला लागले. मेहुण्यानं बायकोचा हात धरून ओढलं, "आक्के, आज न्हाई नाचायचं तर मग कवा?" ती माझ्याकडं बघायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला नाचताना पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "जा. मी आहे हिच्यापाशी." ती गेली. नाचता नाचता तिचा अंबाडा सुटला, कपाळ पिवळं झालं आणि ती हसत होती.

आणि मी चुलतभावाकडं वळून कंपनीतल्या बढतीचं सांगत बसलो.

पोरगी ढोलाकडं पळाली. ढोल तिला ओढूनच घ्यायचा. अंगण आणि पडवीच्या मध्ये एक फरशीची पायरी होती, तिला तिचा पाय अडकला. मूल पडतं तेव्हा आधी त्याचे हात जमिनीला लागतात. तिची आधी हनुवटी लागली, मग तोंड.

तिच्यापर्यंत सगळ्यांच्या आधी मी पोचलो. पुढची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जाते. पोरीला उचलताना माझा हात आधी तिच्या तोंडाकडं गेला नाही. आधी मी कोटीच्या खिशात बोटं घालून दोन्ही टिचबटणं काढली. मग तिला उताणी केली. तोवर बाकीचे आले. हनुवटी फाटली होती, पुढचे दात हलत होते आणि रक्त कोटीवरून खाली गळत होतं.

ढोल थांबले. बायको धावत आली तेव्हा तिच्या केसांत अजून भंडारा होता. आत्या तिच्यावर कडाडल्या, "आई हाईस का कोण गं तू? असलं लेकरू टाकून नाचतीयास?" सासूबाई म्हणाल्या, "पोरी, तुला कळत कसं न्हाई?" सगळे तिच्याकडं बघत होते. तेव्हा मी तोंड उघडलं.

"मी म्हणलं होतं हिला, नजर ठेव म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. दौंडच्या दवाखान्याकडं जाताना गाडीत तिनं एकदाच विचारलं, "तुम्ही होता ना तिच्यापाशी?" मी म्हणालो, "क्षणभर वळलो. तुझं लक्ष नको का?" ती पोरीच्या तोंडाला पदर लावून बसून राहिली.

डॉक्टरांनी टाके घातले. मग पोरीचे हात उलटसुलट करून पाहिले. "तळहाताला तर खरचटलंही नाही. पडताना हात टेकले नाहीत का हिनं?"

बायको माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "ऑटिझम आहे तिला, डॉक्टर. अशा मुलांना पडताना कळत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग जपा."

कोटी मी दवाखान्याबाहेरच्या कचऱ्यात टाकली. रक्तानं खराब झाली म्हणून सांगितलं.

माझ्या मते हे प्रकरण तिथं मिटलं होतं. जखम भरली, दुधाचे दात पडायचेच होते, नवे आले. पण डॉक्टरांना सांगितलेलं वाक्य माझ्या बायकोनं उचललं आणि आयुष्यभरासाठी धरून ठेवलं. हिला पडताना हात टेकता येत नाहीत. शेजारणीला ती हेच सांगायची, शाळेत हेच, रिक्षावाल्याला हेच. दाराबाहेर पाऊल टाकलं की पोरीचं मनगट तिच्या मुठीत. घसरगुंडी बंद, झोका बंद, अंगणात एकटीनं फिरणं बंद. बायको एका शाळेत लहान गटाला शिकवायची, ती नोकरी तिनं सोडली आणि पोरीच्या शाळेच्या पायरीवर बसायला लागली. माहेरच्या लग्नांना जायचं तिनं टाळलं. गेलीच तर कोपऱ्यात बसायची, पोरीला मांडीत घेऊन. मी एकदा म्हणालो, "अगं, इतकं काय?" ती म्हणाली, "एकदा हात सोडला होता मी."

तिनं सोडला नव्हता. पण मी काही बोललो नाही.

पोरगी मोठी होत गेली. एक हात कायम आईच्या मुठीत असल्यामुळं ती एकाच हातानं फडफड करायला शिकली. रस्त्यानं दोघी चालल्या की उजवा हात आईकडं आणि डावा हवेत. मी मागून चालत असेन तर ते बघवायचं नाही. म्हणून मी पुढं चालायचो.

एवढ्या वर्षांत मी तिचे हात वाचायला शिकलो. आनंदाची फडफड खांद्याच्या वर असते आणि त्या वेळी ती चवड्यांवर जाते. आवाज सहन होत नसला की हात कानांजवळ आणि हालचाल बारीक, घाईची. कंटाळली की एकच बोट. घरी पाहुणे आले की मी आता सांगायचो, "असू द्या, तिला छान वाटतंय." लोक म्हणायचे, बाप किती समजून घेतो. मलाही वाटायला लागलं होतं की आपण सुधारलो, म्हणजे मागचं फिटलं.

एकदा थेरपीच्या मॅडमनी मोठ्या चेंडूवर पोरीला पालथं घालून पुढं ढकललं. तिनं दोन्ही हात लगेच पुढं काढून जमिनीला टेकवले. मॅडम बायकोला म्हणाल्या, "बघा, टेकवते की. हात सोडून चालवा आता."

"मॅडम, चेंडूवरचं वेगळं. मी रक्त पाहिलंय," बायको म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "सांगा ना तुम्ही."

मी म्हणालो, "हो. पळताना पडली की नाही टेकवत."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं तरी म्हणता येईल. या वेळी मी खुर्चीत बसलो होतो, हातात पाण्याचा पेला होता आणि विचार करून खोटं बोललो.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बायको काही दिवसांसाठी वरवंडला गेली. मी रजा टाकली. निघताना तिनं दारात पुन्हा सांगितलं, "मनगट धरा. बोटं धरली तर सुटते." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोरीला घोडनदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर नेलं. पोरं क्रिकेट खेळत होती. तिचं मनगट माझ्या हातात होतं आणि ती डाव्या हातानं हवा झटकत होती.

मी हात सोडला. सुटला नाही, मी सोडला.

ती पळाली नाही. उजवा हात तसाच बाजूला धरून उभी राहिली, कोणीतरी अजून धरलेला असल्यासारखा. मी चार पावलं मागं सरलो. बऱ्याच वेळानं तिनं तो हात वर आणला, डाव्याजवळ, आणि दोन्ही हलवून पाहिले. मग पळाली. मैदानाच्या मधून, हात पसरून, तोंडानं एकच सूर काढत. एक ढेकूळ पायाखाली आलं आणि पडली.

दोन्ही तळहात आधी टेकले. मी धावत गेलो तोवर उठून उभी होती. माझ्यापुढं तळहात धरले. मातीत खरचटलेले, थोडं रक्त. तिला मोजकेच शब्द येतात. त्यातला एक म्हणाली, "फू." मी फुंकर घातली. हनुवटीवरची ती जुनी खूण माझ्या तोंडासमोर होती.

बायको परत आली ती दुपारी. माहेराहून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा स्वयंपाकघरात पसरून बसली. पोरगी जवळ आली तेव्हा तिनं सवयीनं मनगट धरलं आणि तळहात दिसला. खपली धरली होती.

"हे काय?"

"मैदानावर पडली."

"तुम्ही हात सोडला?" मग तिनं दुसरा तळहातही पाहिला. बराच वेळ पाहत होती. "हात टेकले हिनं?"

"टेकते ती. आधीपासून टेकते."

"मग त्या दिवशी?"

मी ओट्याला टेकून उभा होतो. खाली बसलो आणि सांगितलं. कोटी, टेलर, डॉक्टरांच्या नावावर बोललेलं खोटं, घराच्या मागं लावलेली बटणं. आधी बटणं काढली आणि मग पोरीला उताणी केली, तेही. तिनं मध्येच एकदा विचारलं, "टिचबटण आत होतं? अस्तरात?" मी हो म्हणालो. "मी हातात घेऊन बघितली होती ती कोटी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी हिला रोज धरून फिरले. माझ्या स्वप्नातसुद्धा धरलेलं असायचं."

"माझं चुकलं. मला माफ कर," मी म्हणालो.

ती शेंगा सोलायला लागली. "इथं नको. मला सगळ्यांसमोर बोलला होतात, तर सगळ्यांसमोर बोला. आमच्या अंगणात."

काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटलं होतं, तिचा राग उतरेल आणि एवढ्यावरच भागेल. मी एकदा चाचपून पाहिलं, "तुझ्या भावाला फोन करून सांगू का?"

"तेव्हा फोनवर बोलला होतात का?"

"अगं, लोक काय म्हणतील, बायकोसमोर..."

"मला म्हणाले ना? मी ऐकलं. तुम्हीही ऐका."

मेहुण्याच्या मुलाचं जावळ होतं. बोकड कापला होता. मांडव नव्हता, पण माणसं बहुतेक तीच. आत्या थकल्या होत्या, खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. पंगत बसायच्या आधी मी उठून उभा राहिलो.

"ए, गप बसा, दाजी भाषाण करणार हायेत!" चुलतभाऊ ओरडला.

"दाजी, थोडक्यात आटपा बरं का. रस्सा गार व्हईल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

मी म्हणालो, "ह्याच अंगणात पोरगी पडली होती, लग्नाच्या हळदीला. आठवतंय ना सगळ्यांना?"

"आठवतंय की," आत्या म्हणाल्या. "आता कशाला ते काढताय, पाव्हणं? चांगला दिवस हाय."

"काढायला पाहिजे, आत्या. ती पडली कारण तिचे हात मी बांधले होते. ती मोरपंखी कोटी होती ना, तिच्या खिशात आतून पट्ट्या होत्या. ती हात हलवते त्याची मला लाज वाटायची. तुम्ही म्हणालात शांत झाली, ती शांत नव्हती, बांधलेली होती."

"मंजी?" आत्या पुढं वाकल्या. "लेकराचं हात बांधल्यालं?"

"हो."

"आन् आम्ही हिला बोललो?"

"तुम्ही बोललात, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि तरी मी बोललो."

सासूबाई पदर तोंडाला लावून लेकीकडं बघत होत्या. मेहुणा उभा राहिला होता, तो मला मारेल असंच वाटत होतं, आणि मारलं असतं तर मी काही बोललो नसतो. बायको पडवीच्या खांबाजवळ बसली होती. मुलगी अंगणात होती, माणसांच्या पलीकडं, एकटी.

मी बायकोकडं वळलो. पाठ केलेली वाक्यं डोक्यातून गेली होती. म्हणून जे तोंडाला आलं तेच बोललो.

"त्या दिवशी हिला मीच म्हणालो होतो, जा, नाच, मी आहे पोरीपाशी. मी होतो आणि मी बघितलं नाही. मी म्हणालो हिला सांगितलं होतं नजर ठेव, ते खोटं होतं. डॉक्टरांना म्हणालो पोरीला कळत नाही, तेही खोटं. तिला सगळं कळत होतं, तिचे हात मोकळे नव्हते. हिनं नोकरी सोडली, माहेर सोडलं, ते माझ्या खोट्यापायी. पोरीची आई म्हणून हिचं काहीच चुकलं नव्हतं. सगळं माझं चुकलं. तुझी मी माफी मागतो. पोरीची पण मागतो, तिला कळलं नाही तरी मागतो."